मी मागितला तरी देऊ नकोस

एली, मिनेसोटा
९ मार्च

प्रिय इर्या,

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे माझ्या टाउनोकडून कळलं. जिना चढू नकोस. सांगूनही चढशीलच म्हणा. आमचा तलाव अजून गोठलेला आहे. टाउनो बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतो आणि तसाच वासासकट आईला भेटायला येतो. मुलगा गुणी आहे, फक्त फार मऊ.

जानेवारीत माझी सरकारी पेन्शन आली नाही. कार्यालयातले गृहस्थ म्हणाले, "बाई, कोणीतरी तुमच्या नावाने ऑनलाइन खातं उघडून पैसे दुसरीकडे वळवलेत." "माझा सोशल सिक्युरिटीचा सरकारी नंबर त्याला मिळालाच कसा?" म्हणून मी त्यांच्यावरच तडकले.

आता ते मिटलंय. ते खोटं खातं बंद करवून माझं मी उघडलं आणि मग लोकांची पत नोंदवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे माझी नोंद गोठवून टाकली. आता माझ्या नावावर कोणाला कर्ज काढता येणार नाही, की मी असल्याचं भासवून नवं खातं उघडता येणार नाही. नोंद पुन्हा खुली करायला पासवर्ड लागतो.

नंबर मीच दिला होता, इर्या. फोन करून तो मागणारा माणूस फार अदबीने बोलला. शेजारची सायमी समोरच बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "अगं लेम्पी, मंगळवारीही तू यालाच सगळं सांगितलंस की!" मला मंगळवार आठवेना. डॉक्टरांनी या विसरण्याला एक नाव दिलंय. ते इथे लिहीत नाही.

पासवर्ड सोबत पाठवलाय. माझ्याकडे ठेवलेला नाही. टाउनोला दिला असता, पण मी डोळ्यांत पाणी आणलं की तो विरघळतो. तू नाही विरघळत. बाबांच्या अंत्यविधीलासुद्धा तू चर्चमधल्या बायकांना "कॉफी पातळ झालीय" म्हणून सुनावलं होतंस.

खरीच गरज पडली, तर टाउनो आणि तू मिळून ठरवा. मला विचारू नका.

मी फोन करीन. घाई आहे म्हणेन, गोड बोलेन, मग चिडेन. तू माझी बहीणच नाहीस, असंही म्हणेन. देऊ नकोस. फोन मात्र ठेवू नकोस, मला दमेपर्यंत बोलू दे.

आज सगळं नीट आठवतंय, म्हणून आजचं ऐक.

पुढे काहीही बोलले तरी
तुझीच,
लेम्पी