उतारावर पाय पुढे

प्रिय रिना,

मोहाची फुलं यंदा कमीच पडली, पण शेळीला दोन पिलं झाली आणि तुझा बाप गोकुळ होळीला सुरतेहून आला तो अजून इथंच आहे. एवढी बरी बातमी आधी लिहून टाकतो, कारण पुढे बरं काही नाही. परवा तू फोनवर त्याला सांगितलंस ते रेंज मिळते त्या टेकडीवर त्याच्या शेजारी बसून मी ऐकलं. तिकडे जर्मनीच्या दवाखान्यात तू पेशंटचं काम सोडलंस आणि चादरी धुण्याच्या खोलीत काम मागून घेतलंस. म्हणालीस, ‘आजीला आत्ताच्या आत्ता खाली न्या, असं मीच सांगितलं. मी नर्स, आणि माझ्याच सांगण्यानं ती वाटेत गेली. आता मी कुणाला हात लावणार नाही.’ गोकुळ नुसता हं हं करत राहिला.

तू जर्मनीला निघालीस तेव्हा सगळा पाडा नाचला आणि मी एकटा गप्प होतो. तुला वाटलं, म्हातारा रुसला. तसं नव्हतं गं. जर्मन हा शब्द मी माझ्या बापाच्या तोंडून ऐकला होता, आणि तो शब्द निघाला की बाप जेवता जेवता ताटावरून उठायचा.

माझा बाप खात्या दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत होता, आफ्रिकेच्या वाळवंटात. हातात बंदूक नाही, स्ट्रेचर. पडलेल्याला उचलून डॉक्टरच्या तंबूपर्यंत न्यायचं, मग तो आपला असो की शत्रूचा. एकदा पकडलेल्या जर्मनांमधला एक जखमी शिपाई त्याच्या आणि आपल्याच डोंगरातल्या आमशाच्या वाट्याला आला. छातीत गोळी. वय असेल वीस, मिशीसुद्धा धड फुटलेली नाही. हवालदारानं शिकवलं होतं, उतारावर पाय पुढे, डोकं मागे. डोकं वर राहतं आणि मागच्याला श्वास ऐकू येतो. पण आपल्यात पाय पुढे करून फक्त मढं नेतात. आमशा म्हणाला, ‘अरे, जित्याला असं न्यायचं? कुणाच्या तरी आईचाच ना हा!’ हवालदार नजरेआड झाला तसं दोघांनी स्ट्रेचर फिरवलं. मायेनं फिरवलं बरं, वैरानं नाही. कोरड्या नाल्याच्या उतारावर त्या पोराचं डोकं खाली गेलं, छातीतलं रक्त घशाशी आलं, आणि पुढे चालणाऱ्या बापाच्या पाठीमागे तो गुदमरला. तंबूत डॉक्टरसाहेबानं विचारलं, कसं आणलं? बाप म्हणाला, सांगितलं तसं, साहेब. ते खोटं त्याला मरेपर्यंत पचलं नाही.

गावी आल्यावर कुणाही आजाऱ्याच्या झोळीला खांदा द्यायची वेळ आली की तो अडून बसायचा, उतारावर पाय पुढेच. लोक टिंगल करायचे, ‘खात्या, लाकडंपण बरोबर घे, खाली गेल्यावर शोधायला नकोत.’ तो हसायचा नाही आणि हटायचाही नाही. मी दहा वर्षांचा असेन, बांबूला चादर बांधून त्यानं मला तिच्यात घातलं. एका बाजूनं आमशा, एका बाजूनं तो. एकदा असं नेलं, एकदा तसं. ‘सांग, श्वास कुठं मोकळा येतो?’ म्हणजे मला ते माहीत होतं, रिना. माझ्या अंगाला माहीत होतं.

गेल्या पावसाळ्यात माझ्या रेवाचा, तुझ्या आजीचा, दम वाढला. तू फोनवर सांगितलंस आणि आम्ही तासाभरात झोळी बांधली. खाली रस्त्यावर अँब्युलन्स येऊन थांबली होती. मी पोरांना सांगितलं, पाय पुढे. झोळी उचलली तोच तिचा भाऊ नवल आडवा आला. ‘भीमसिंग, माझी बहीण अजून जिती आहे. तुला घाई झाली का?’ सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. बापासारखं अडून बसायला हवं होतं. मला लाज वाटली. जित्या बायकोला मढ्यासारखं नेलं असं लोक म्हणतील, याची लाज. मी म्हटलं, ‘फिरवा.’

ती घसरती वाट तू पाहिली आहेस. अर्ध्या उतारावर तिनं आतून कापडावर हात मारला. मी बाजूनं चालत होतो. मला वाटलं पाणी मागते. ‘आलंच गं, आलंच,’ म्हणालो आणि पोरांना भराभर पाय उचलायला लावले. खाली पोचलो तेव्हा हात थांबला होता. डॉक्टरनं तपासलं आणि विचारलं, हिला लगेच खाली आणायला कुणी सांगितलं? म्हटलं, नातीनं, ती नर्स आहे. तो म्हणाला, ‘पोरीनं बरोबर सांगितलं होतं, बाबा. दम लागलेल्या माणसाचं डोकं तेवढं खाली जाऊ द्यायचं नव्हतं.’ आठ महिने झाले. तू दर फोनला रडत होतीस आणि हे वाक्य माझ्याजवळ होतं. त्यातलं पहिलं अर्धं तुला दिलं असतं तर दुसरं अर्धं तू मागितलं असतंस, म्हणून दिलं नाही. आज सकाळी गोकुळला सगळं सांगितलं. तो उठून शेळ्या सोडायला गेला. तू पुन्हा पेशंटकडे जाशील अशी आशा मला नाही. माफीही मागत नाही, तू दिलीस तरी ती रेवापर्यंत पोचायची नाही. फक्त डॉक्टरचं ते वाक्य तुझं होतं, मी दाबून ठेवलं होतं.

तुझाच,
आजा भीमसिंग