रंगकारखान्याचं दार

३ मार्च, रविवार
आजपासून आमच्या गल्लीच्या इतिहासावर भुतांचा खेळ. सूत्रधार अस्मादिक. खेळाडू सौ., मेहुणा आणि खालचा खाटीक. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे, आकडा पडेल तसं मारायचं किंवा मरायचं, सगळं तोंडी. कथानक अस्सल: पन्नास वर्षांपूर्वी रंगकारखाना पेटला, मालकाने बाहेरून कुलूप घातलं होतं, कामकरी बायका आत जळाल्या. जमावाने मालकाला चौकात कुऱ्हाडीने तोडला. त्याचा वेताळ झाला. संकल्प: व्याख्यान झोडायचं नाही.

संध्याकाळ. प्रस्तावना अवघी पाऊण तास. श्रोते तल्लीन. मेहुण्याने तर डोळेच मिटले.

१० मार्च
वेताळाने मेहुण्याचा गळा फाडला. सौ.ने वेताळाचा हात कोपरातून उतरवला. खाटकाने आतडी काढली, आणि इतक्या जाणकारीने की मेहुण्याने बिस्किट परत ठेवलं. बीभत्स रसालाही मर्यादा असते, असं मी सुचवलं. सौ. म्हणाली, मग वेताळ कशाला आणलात, ससा आणायचा होता.

१७ मार्च
आगीचा प्रवेश. खाटकाला दार फोडायचंय. मी म्हटलं, घडलेलं बदलत नाही. त्याने फासे टाकले, दोन्ही सहा. तरी नाही म्हटलं. तो म्हणाला, भाऊ, आत माझी आत्या आहे. काय भूमिकेत शिरलाय! शाबासकी दिली आणि आत्या कशी जळाली ते साद्यंत ऐकवलं. केस पेटेपर्यंत आलो होतो.

त्याने माझं नाक फोडलं. फासे न टाकता! रक्त थेट मी खेळासाठी काढलेल्या कारखान्याच्या नकाशावर.

कापूस धरताना सौ. म्हणाली की आत्या खरीच होती, तिनेच त्याला वाढवला, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. ग्रंथालयात तरी उल्लेख नाही.

२० मार्च
क्षमा करायचं ठरवलं. त्याने मागितल्यावर.

२४ मार्च
कोणी फिरकलं नाही. सौ. भाजीला गेली ती गेलीच. खाटकाच्या मागच्या खोलीतून किंकाळ्या, मग हशा. सूत्रधार सौ.! माझ्याविना रंगणार नाही, हे उघड आहे.

३१ मार्च
खेळ सावरायला खाली गेलो. खाटीक म्हणाला, या भाऊ, नाक काय म्हणतंय? घसा खाकरता खाकरता मी सॉरीही उरकून घेतलं. मालकाची भूमिका मागितली, ती मेहुण्याला गेली होती. मला दार दिलं. कथा सगळी दाराभोवती, तेव्हा भूमिका मध्यवर्तीच. अट एक: दाराने बोलायचं नाही.

पहिल्याच फाशाला खाटकाने मला कुऱ्हाडीने उभा चिरला, मी जमिनीवर आडवा. बायका खोकत बाहेर आल्या. सर्वांत शेवटी आत्या. सौ.ने तिच्या आवाजात त्याला विचारलं, जेवलास का रे?

तो मान खाली घालून बसला. इतिहासात असं नाही, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मेहुण्याने मला पायाने बाजूला सारलं, वाटेत येत होतो म्हणून.