गाठ तशीच राहणार

नाशिक, मंगळवार

चि. यमूस, दादाचे भरभरून आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे, पण इथल्या इस्पितळातल्या लोकांनी जीव नकोसा केलाय. जो येतो तो मनगटावरची गाठ दाबून विचारतो, "बाबा, मुंग्या येतात का?" अरे, दाबल्यावर येणारच ना!

एमआरआयमध्ये कळलं, ती साधी चरबी आहे, कॅन्सर नाही. पण नसेच्या धाग्याधाग्यांत शिरलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शिऱ्यातलं तूप वेगळं काढता येतं का? काढायला गेलो तर नसच जाईल. मनगटात नसेवर आवळलेला पट्टा कापून तिला जागा करून देऊ." म्हणजे तू चार महिने हळद-चुना थापलास, तुझ्या भाच्याने अंबडच्या कारखान्यातून रजा काढून हेलपाटे घातले, आणि गाठ तशीच!

अंगठ्याचा बधिरपणा किती जाईल, ते मात्र कुणी सांगत नाही.

पत्र्याच्या शाळेत गुरुजींनी बोटांच्या पेरांवर कवितेच्या मात्रा मोजायला शिकवलं, आठवतं? हल्ली माझ्या ओळीत एक मात्रा जास्त निघाली की तू हसतेस. अगं, अंगठा कुठल्या पेरावर आहे तेच मला कळत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशन गुरुवारी. तोवर माझ्या वहीत खाडाखोड करू नकोस. आलो की तुझ्या बोटांवर मोजू.

तुझा वैतागलेला,
दादा