मोंबासाला गेलेला पेंढा

अन्वर, लेका,

तुला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. दिवसभर वर्कशॉपात समोरासमोर असायचो, तिथे कसलं पत्र! पण काल मोंबासाहून आपला माल घेणाऱ्या युसूफभाईंचा मेसेज आला आणि वाचून माझा पाराच चढला. चिडायचं कोणावर? तुला जाऊन चार महिने झाले. मग म्हटलं, तुझ्यावरच चिडतो.

बातमी तशी चांगली आहे रं. भाताच्या चिखलातून ढकलत तण काढायचं आपलं कोळपं आता केनियाच्या पुढे टांझानियातही हवंय. पहिल्या खेपेच्या दुप्पट नग! तू असतास तर टोलनाक्यापर्यंत पेढे वाटत गेला असतास. मी मात्र मेसेजचा शेवट वाचून स्टुलावर बसून राहिलो. त्यांनी लिहिलंय, मागचा पेंढ्याचा घोळ तुमच्या पार्टनरचा होता, अल्ला त्याला जन्नत देवो. आता सगळं तुमच्या हातात आहे, हे मी तिकडच्या लोकांना सांगून ठेवलंय.

म्हणजे तुझी बदनामी आता दुसऱ्या देशात निघाली. आणि तिच्या जोरावर मला ऑर्डर!

पेंढा कोणी भरला, हे तुला आणि मला ठाऊक. पहिली खेप भरताना फोमच्या शीट संपल्या आणि तू कागदपत्रांसाठी बंदरावर गेलेला. मी घरचा भाताचा पेंढा आणला आणि खोक्यांत ठासून कोंबला. आपल्याकडे आंबा असो की माठ, पेंढ्यातच जातो ना? शेतातलं वाळकं गवत परदेशात चालत नाही, त्यातून कीड जाते, हे मला काय माहीत! तिकडे माल अडकला, खोकी फोडून पेंढा जाळला, आणि कोळपी सुटली तोवर तिथलं तण काढून झालं होतं.

युसूफभाईंचा फोन आला तेव्हा मी ग्रीसचे हात घेऊन तुझ्या शेजारी उभा होतो. तू स्पीकर लावलास आणि म्हणालास, "पॅकिंग मैंने किया, भाई. दत्ता तो गाँव गया था." मला न विचारता! मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. फोन ठेवून तू मला वेल्डिंगच्या कांड्या किती उरल्यात ते विचारलंस. पुढची दोन वर्षं तू माझ्या टकलावरून, घोरण्यावरून, जेवण्यावरून चेष्टा केलीस. पेंढ्यावरून एकदाही नाही. एखादी शिवी तरी हासडायचीस रं. त्या निमित्ताने मीही माफी मागितली असती.

तिकडच्या बाया उंच आहेत, आपल्या हँडलला त्यांना वाकावं लागतं, असं युसूफभाई म्हणाले होते, आठवतंय? मी म्हणालो, वाकू देत की, आपल्या नाही वाकत? तू घरी जाऊन भाभींना पायरीवर उभं केलंस, त्यांच्या हातात हँडल दिलंस आणि खालपर्यंत टेप लावलीस. त्यातून वर-खाली होणारं हँडल निघालं. डोकं तुझं, वेल्डिंग माझं. केनियात आपलं नाव झालं ते त्या हँडलमुळे.

आता तयार झालेलं कोळपं मागच्या चिखलाच्या खड्ड्यात मी एकटाच ढकलून बघतो. रोपं मोडतात का, ते बांधावरून तू बघायचास. ढकलणाऱ्याला मागचं दिसत नाही. परवा दोनदा मान वळवून "बघ रं" म्हणालो आणि तिथंच उभा राहिलो. फार एकटं वाटतं, अन्वर. भांडायलासुद्धा कोणी नाही.

आज सकाळी कशेळ्याला भाभींकडे गेलो. ऑर्डर त्यांच्याही घराची आहे, त्यांना विचारल्याशिवाय कसं बोलायचं? खाली मान घालून सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात काही थांबले नाहीत. म्हणाल्या, तेव्हाच कळलं होतं, तू घरी येऊन सांगितलं होतंस. मग सूप बाजूला ठेवलं.

"ते म्हनले, दत्ताला बोलता येत नाय, म्हनून मी बोललो. आता ते नायत, दत्तूभाई. आता तुमी बोला."

चहासुद्धा न घेता निघालो.

भीती वाटते रं, खोटं कशाला बोलू? युसूफभाई विचारतील, दोन वर्षं गप्प का बसलात? ऑर्डर गेली तर पुन्हा गेट आणि ग्रिलची कामं शोधायची, आणि भाभींचीही आशा जायची. तू असतास तर दोन शब्दांत सांभाळून घेतलं असतंस. पण तू असतास तर ही वेळच आली नसती ना!

उद्या दहा वाजता युसूफभाईंचा फोन आहे. तुला शब्द देतो, मालाचं, दराचं काहीही बोलणं व्हायच्या आधी माझं पहिलं वाक्य हेच असेल. दुपारपासून रिकाम्या वर्कशॉपात मोठ्याने म्हणून बघतोय. आता पाठ झालंय:

"युसूफभाई, पेंढा मैंने भरा था. अन्वर मेरे वास्ते झूठ बोला."

तुझा,
दत्ता
खालापूर