जोडीची नळी

४ जून
नोकरी लागली एकदाची! शवागाराची प्रयोगशाळा म्हटल्यावर आईने तोंड वाकडं केलं, पण इतका शांत शेजार दुसरीकडे कुठे मिळणार? राहायला प्रयोगशाळेच्या मुख्य डॉक्टरांच्याच घरात वरची खोली मिळाली. इथली पद्धत मजेशीर आहे. नव्या माणसाने पहिल्याच दिवशी आपल्या रक्ताची एक नळी द्यायची, यंत्र नीट चालतंय का बघायला. दिली. साखर अगदी नॉर्मल निघाली. डॉक्टर म्हणाले, आता तू आमची झालीस.

१९ जून
अचानक गेलेल्या माणसाला मधुमेह होता का, हे आम्ही रक्तावरून शोधतो. मेल्यावर साधी साखर भलतंच सांगते, पण तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांचं खरं सांगते. डॉक्टरांचा त्यावर मोठा अभ्यास चाललाय. त्यांच्या पत्नी, वहिनी, रोज सकाळी ताकदीची पूड घातलेलं दूध देतात आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलत नाहीत. कडवट लागतं, पण एवढ्या मायेला नाही कसं म्हणायचं?

२६ ऑगस्ट
सारखी तहान लागते. तोंड सुजून गोल झालंय. शवागारातले मामा म्हणाले, तुझ्या जागेवर आधी होत्या त्या बाईपण अशाच दिसायला लागल्या होत्या. त्या कुठे गेल्या विचारलं, तर मामा स्ट्रेचर ढकलत निघून गेले.

२ सप्टेंबर
फ्रीजर साफ करताना मागे एक स्टँड सापडला. नळ्या जोडीने ठेवलेल्या. एका जोडीवर आधीच्या बाईंचं नाव. पहिली नळी रुजू झाल्या दिवसाची, दुसरी शवागारातली, मेल्यानंतरची. दोन्ही तपासल्या. पहिली नॉर्मल. दुसरी... मी परत लावली. पेशींना चिकटलेली साखर तेवढीच भयंकर. दोन तारखांत जेमतेम चार महिने, एवढ्यात कशी?
त्यांच्या आधी इथे असलेल्या माणसाचीही जोडी आहे.

३ सप्टेंबर
बोट टोचून पाहिलं. मलाही साखर. वहिनींचा फोन वाजला तेवढ्यात दूध मोरीत ओतलं. तळाशी गोळ्यांचा चुरा. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी साखर चढते, तोंड गोल होतं, हे मला कळायला हवं होतं! डॉक्टरांना सांगू? पण तेच म्हणाले होते — एकाच माणसाचं आधीचं आणि नंतरचं रक्त मिळालं तरच अभ्यास पक्का —

५ सप्टेंबर
बॅग भरली. उठवत नाही. दाराला बाहेरून कडी. नळाला पाणी नाही.
काल परत पाहिलं, स्टँडमध्ये माझी भरलेली नळी एकच होती. शेजारच्या रिकाम्या नळीवर माझं नाव — आधीच —

दुपार
वहिनी आल्या. पेला ठेवून समोर बसल्यात. म्हणतात, पी गं बाळ, घसा सुकला असेल.
नाही पिणार.
जीभ टाळूला चिकटलीय. दूध गार आहे. नुसते ओठ ओले — एकच घो