शेणकिड्याच्या काठाचं लुगडं

३ फेब्रुवारी १९२४

आबांना झालंय तरी काय! मिलमध्ये लुगड्याच्या काठांचे नक्षे काढतात— आजवर रुईफूल, रुद्राक्ष, कोयऱ्या. आज काठावर चक्क शेणकिडे! ओळीनं. प्रत्येकापुढं एकेक गोळा. म्हणे शेणाचा नव्हे, सूर्याचा.

सगळं मिलच्या त्या विलायती साहेबाचं खूळ. मिसर देशात, म्हणजे साहेबाच्या इजिप्तात, जुन्या राजाची कबर सापडली, तेव्हापासून विलायतेत बायका मिसरच्या राणीसारखे केस कापतात, गळ्यात असले किडे घालतात. आई म्हणाली, सोनं मिळत न्हाय व्हय त्यांना? आबा म्हणाले, सोन्याचेच किडे घालतात.

५ फेब्रुवारी

मागावरचं पहिलं लुगडं साहेबानं मला दिलं! करकंबचे पाहुणे रविवारी मला बघायला यायचेत, हे आबांनीच त्याला सांगितलं. आता तेच नेसायचं. नाहीतर साहेब रागावेल. आईनं बजावलंय— कुणी विचारलं तर कासव म्हणायचं.

मला लग्नच नको. सातवीची फायनल पास झालेय. पुण्याला ट्रेनिंगला जायचंय, मास्तरीण व्हायचंय. पण इथं ऐकतंय कोण?

६ फेब्रुवारी

सुचलं! शेणकिडाच सांगायचा. उठून जातील.

८ फेब्रुवारी

आबांना विचारलं, मेलेल्या राजाचं एवढं वेड कशाला? म्हणाले, साहेबाचा धाकटा भाऊ लढाईत गेला, मातीसुद्धा मिळाली नाही. तिकडं घरोघरी तेच. मिसरच्या लोकांनी मेलेल्याला जाऊच दिलं नाही, सामानसुमान देऊन जपून ठेवलं. आणि हा किडा बुडालेला सूर्य रोज ढकलत वर आणतो म्हणे.

"गेलेलं परत येतंय म्हटलं की बरं वाटतं गं माणसाला," आबा म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. पण बेत बदलायचा नाही.

१० फेब्रुवारी

आले. मुलाची आई, मथुराबाई, लई करारी. पदर हातात धरून म्हणाल्या, "ह्ये काय गं?"

आई खोकली.

मी म्हटलं, "शेणकिडा."

आबांचा अडकित्ता सुपारीवरच थांबला. मग मी सगळंच सांगून टाकलं— सूर्याचं, साहेबाच्या भावाचंही. कोपऱ्यातून कुणीतरी फस्सकन हसलं. मुलगा! मी मान वर केलीच नाही.

पोहे अर्धेच टाकून गेले. आई माझ्याशी बोलत नाही. पण बेत फत्ते!

१३ फेब्रुवारी

निरोप नाही. मी आनंदात आहे. असायलाच पाहिजे.

१७ फेब्रुवारी

होकार आला!! मथुराबाईंनी सांगून धाडलंय— "अंगावरल्या लुगड्याचंबी खरं सांगती. हीच पोरगी पायजे." आणि लग्नात तेच लुगडं नेसायचं, हा मुलाचा हट्ट.

मघापासून रडायला बसलेय. रडूच येत नाही. ते फस्सकन हसणं सारखं कानात येतंय.

पुण्याचं त्यालाच विचारीन म्हणते.