रंगुबाईला दिसलेलं गाणं

मी, ज्योतिबा धुळा कोळेकर, वय साठीच्या आसपास, धंदा पूर्वी पलटणीत खेचरं हाकणे, नंतर सिनेमाचं मशीन चालवणे, हल्ली शेती व मेंढरं, राहणार बोरमाळवाडी, तालुका कवठे महांकाळ, जिल्हा सांगली, आज डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी भरीस घातलेलं नसताना, माझ्या पाठीमागं काय कुणाकडे जावं हे लिहून ठेवत आहे. जन्माची नोंद नाही. आई सांगे, मेंढरं नदीकाठाहून परतली त्या आठवड्यातला. छातीत दोनदा कळ येऊन गेली. डॉक्टर म्हणतात काळजी घ्या, म्हणून हिंडता-फिरता आहे तोवरच हे लिहून घेतोय. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वकिलांनी मसुदा करून दिला, त्यात माझी वाक्यं घुसली. ते हसले, पण त्यांनी ती काढली नाहीत, याबद्दल त्यांचे आभार.

कलम १. माझ्या कुटुंबात पत्नी रंगुबाई, मुलगा धुळा, जो साताऱ्याला एस.टी.वर ड्रायव्हर आहे, आणि सून बयाबाई, जी वाडीत आमच्याजवळ राहते, अशी तिघं आहेत. मुलाला माझ्या वडिलांचं नाव ठेवलं आहे. तिघांनीही मला कधी उपाशी ठेवलं नाही आणि वेडा म्हटलं नाही. दुसरी गोष्ट जास्त अवघड होती.

कलम २. वडिलोपार्जित माळ व विहिरीतला हिस्सा यांतलं जे माझं म्हणून निघेल ते धुळाला द्यावं. माळावर कुसळाशिवाय फारसं येत नाही. तरी विकू नये.

कलम ३. मेंढरं माझा चुलत भाऊ आप्पासो याला द्यावीत. हे वाचून वाडीतले लोक तोंडात बोट घालतील, म्हणून कारण लिहितो. रंगुबाईचे कान गेले तेव्हा आप्पासो चार माणसांत मला म्हणाला होता, "बहिरी बाईल घिऊन काय करतुयास गड्या? माघारी धाड आन् दुसरी कर." ते मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. पण बहात्तरच्या दुष्काळात मी तापाने अंथरुणावर असताना, न सांगता, आमची मेंढरं स्वतःच्या मेंढरांत घालून त्यानं कृष्णाकाठी नेली आणि जगवून परत आणली. म्हणजे ती तशी त्याचीच आहेत. राग माझ्याबरोबर जाईल, मेंढरं त्याच्याकडे राहोत. फक्त माझ्या मयताला त्यानं भाषण करू नये.

कलम ४. घरात एक सिनेमाचं मशीन, एक पडदा, पत्र्याच्या डब्यातलं रंगीत रीळ, एक चावीचा ग्रामोफोन व एक तबकडी आहे. या वस्तू कशा आल्या हे सांगितल्याशिवाय त्या कुणाला द्याव्यात हे समजणार नाही. वकील म्हणाले, थोडक्यात सांगा. जमेल तसं सांगतो.

लढाईत आमची खेचरांची तुकडी इटलीच्या डोंगरात होती. बर्फात माझं खेचर घसरलं, त्याच्याखाली माझा पाय सापडला. तिथल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये जखमी ठेवले होते, त्यांत मला नेऊन टाकलं. दुपारी गावची माणसं यायची आणि आमच्या पायथ्याशी उभी राहून गायची. बायका वेगळं, पुरुष वेगळं. एकजण सुरू करायचा, त्याचं संपायच्या आत दुसरा तेच धरायचा, मग तिसरा. मी शेजारच्या शिपायाला विचारलं, "ही गात्यात का भांडत्यात रं?" तो म्हणाला, "गप पड, देवाचं हाय त्ये."

दोन-तीन दिवस मला तो नुसता गलका वाटला. मग एका दुपारी पाय फार ठणकत होता, म्हणून डोळे मिटून पडलो, आणि एकदम उमगलं की हे एकमेकांच्या मागनं चाललेत. चारी आवाज आपापल्या वाटेनं जातात, कुणी कुणाला ढकलत नाही, आणि शेवटी सगळे एका जागी उतरतात. मला रडू आलं. नर्सला वाटलं पाय दुखतोय, तिनं आणखी औषध दिलं. त्या गावाचं नाव मला कधीच नीट घेता आलं नाही. त्या माणसांच्या घरात तेव्हा पीठ नव्हतं. तरी ती गायला येत होती. त्यांचं माझ्यावर ऋण आहे आणि ते फेडायला पत्ता नाही.

परत आल्यावर माझं रंगुबाईशी लग्न झालं. तिच्या गळ्याबद्दल काय लिहू? जात्यावर बसली की शेजारच्या बाया आपलं दळण घेऊन आमच्या दारात यायच्या. लग्नांत तिला मुद्दाम बोलावणं असायचं. मी तंबूतल्या सिनेमाबरोबर मशीन चालवत फिरलो, आणि पुढं कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत लोकांना सिनेमा दाखवायच्या कामावर लागलो. तिथं तिला क्षय झाला. इंजेक्शनांनी ती वाचली, पण कान गेले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, कानाला धोका आहे, पण जीव वाचेल. मी म्हणालो, जीव वाचवा. आजही तेच म्हणेन. त्या डॉक्टरांना मी दर पाडव्याला मनात नमस्कार करतो.

मात्र ती गायची थांबली. मी खुणेनं म्हणायचो, गा की. ती म्हणायची, "माजा आवाज मलाच सापडंना. कुटं ठिवू त्यो?"

कलम ५. हे कलम मनुबाई गायकवाड यांच्याबद्दल आहे. त्या वसाहतीच्या दवाखान्यात नर्स होत्या, मिरजेकडच्या ख्रिस्ती घरातल्या. रंगुबाईला इंजेक्शन त्याच द्यायच्या. एकदा त्यांच्या खोलीवरून जाताना मला आतून तेच गाणं ऐकू आलं, इटलीतलं. मी दारातच खाली बसलो. त्यांनी ग्रामोफोन बंद केला नाही, पाणी आणून दिलं. मग त्यांनी मला चारी आवाज वेगळे करून दाखवले: बायकांचा वरचा, बायकांचा खालचा, पुरुषांचा वरचा आणि खर्जाचा. एकेक त्या स्वतः गुणगुणायच्या. तबकडी त्यांनी मला देऊन टाकली. म्हणाल्या, "मला पाठ आहे. तुम्ही न्या."

त्या तबकडीवरून माझ्या मनात आलं की रंगुबाईला हे डोळ्यांनी दाखवावं. सिनेमात चित्र हलतं ते सेकंदाला चोवीस चित्रं पुढे सरकतात म्हणून. मग आवाज का हलणार नाही? वसाहतीत फाटकी जुनी रिळं टाकून द्यायची पडून होती, ती साहेबांनी मला खुशीनं दिली. सोड्याच्या गरम पाण्यात घालून त्यांच्यावरचं चित्र मी धुवून काढलं. पारदर्शक पट्टी राहिली. खाली काच आणि दिवा ठेवून, भिंग लावून, फोटो रंगवायच्या रंगांनी मी एकेका चौकटीत चार रंगांचे ठिपके काढत गेलो. आवाज चढला की ठिपका वर, उतरला की खाली, लांबला की लांब. तबकडी लावून टाळी मोजायची आणि एका टाळीला किती चौकटी ते धरून पुढं जायचं. वर्षं गेली. बोटांना पडलेले रंग जेवतानाही जात नसत.

पुरं झालं तेव्हा रंगुबाईला खुर्चीवर बसवून मशीन लावलं. तिनं शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मुंग्या हायत व्हय?"

त्यानंतर कोयनेचा भूकंप झाला. त्या पहाटे ऐकू न येणारी ही बाई माझ्याआधी जागी झाली. जमिनीतलं तिला अंगाला कळलं असावं. मला आणि पोराला दंडाला धरून तिनं बाहेर ओढलं आणि मागं भिंत बसली. मुंग्यांचं रीळ त्या भिंतीखाली गेलं. शेजारची माणसं गेली, त्यांच्यापुढं रिळाचं दुःख करायची मला लाज वाटली. ढिगाऱ्यातून शाबूत निघालेली तबकडी, माझा जुना ग्रामोफोन आणि साहेबांनी मोडीत दिलेलं मशीन व पडदा घेऊन आम्ही वाडीला परत आलो.

कलम ६. आता जे रीळ डब्यात आहे ते दुसरं आहे, आणि ते माझ्या एकट्याचं नाही हे इथं स्पष्ट नमूद करतो. वाडीत एका सकाळी मी पुन्हा ठिपके काढायला बसलो होतो. रंगुबाई शेजारी येऊन बसली. मी हातांनी तिला सांगायचा प्रयत्न केला, की हा पुढं जातो, हा त्याच्याच वाटेनं मागनं येतो. ती माझ्या हातांकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आवं, मग ही मेंढरं हायत की! ठिपकं कशाला काढताय? त्यास्नी पाय काढा."

ती धनगराची लेक. एक कळप वाटेला लागला की त्याच वाटेनं दुसरा कसा येतो, चढाला कसा दाटतो, उताराला कसा सुटतो, हे तिला सांगावं लागलं नाही. पांढरा कळप बायकांच्या वरच्या आवाजाचा, तांबडा खालच्या, पिवळा पुरुषांच्या वरच्या आणि काळा खर्जाचा. रंग तिनं ठरवले. मेंढरं मी काढायचो, आणि ती भिंगातून बघून म्हणायची, "ह्ये लंगडतंय," की मी पुसून पुन्हा काढायचो. बयाबाई तेव्हा नुकतीच लग्न होऊन आली होती. दुसरी सून असती तर माहेरी पळाली असती. ही रंग घोटायला बसली. मशीन लावायला, तुटलेलं रीळ जोडायला ती माझ्याइतकंच शिकली. माझ्या सुनेचे उपकार मी इथं सहीनिशी मान्य करतो.

कलम ७. मनुबाई पुढं साताऱ्याला राहायला गेल्या. त्यांना आम्ही रीळ दाखवलं तेव्हा त्यांनी तिथल्या चर्चमधल्या गाणाऱ्या मंडळींना गाठलं. त्यांत शिक्षक होते, नर्सा होत्या, पोस्टातले एक गृहस्थ होते. गायनाचे मास्तर म्हणाले, "मशीन काही आमच्यासाठी थांबणार नाही. आम्हीच त्याच्याबरोबर चालू." त्यांनी कितीतरी रविवार तालमी केल्या, आणि ईस्टरनंतरच्या एका दुपारी आम्हाला बोलावलं. धुळानं आम्हाला आपल्याच एस.टी.तून नेलं. खिडक्यांना घोंगड्या लावल्या. पायपेटीशेजारी रंगुबाईला बसवलं, तिचा तळवा पेटीच्या लाकडावर होता. बयाबाईनं मशीन सुरू केलं.

पांढरा कळप निघाला आणि त्याच क्षणी बायकांचा वरचा आवाज निघाला. तांबडी निघाली, पिवळी निघाली. काळी मेंढरं टेकडीआडून दिसायच्या जरा आधी रंगुबाई मोठ्यानं म्हणाली, "काळी आली." लाकडातून तिला खर्ज कळला होता.

आणि मध्यावर मशीनचा बल्ब गेला.

पडदा काळा झाला. गाणारे अडखळले. बयाबाईचा चेहरा रडकुंडीला आला. कुणीतरी खिडकीवरची एक घोंगडी ओढून काढली आणि उजेड रंगुबाईवर पडला. तिचा डावा हात पेटीवर होता आणि उजवा हवेत चालला होता. ती मेंढरं हाकत होती. हा पांढरा वर गेला, हा तांबडा मागनं आला, हा काळा खाली राहिला. मास्तरांनी ते पाहिलं, पडद्याकडं पाठ करून ते तिच्याकडं तोंड करून उभे राहिले आणि हातानं सगळ्यांना चला म्हणाले. ती कुठंच चुकली नाही असं मी म्हणणार नाही. एका ठिकाणी ती मागं पडली. तेव्हा ते सगळे एक सूर धरून थांबले, ती येईपर्यंत थांबले, आणि मग तिच्याबरोबर उतरले. शेवटी तिनं दोन्ही हात मांडीवर एकत्र आणले.

कान गेल्यापासून तिला आवाजाचा अंदाज राहत नाही, म्हणून सगळ्या चर्चला ऐकू गेलं: "पोचली का समदी?"

मनुबाई गाणाऱ्यांच्या रांगेतून बाहेर आल्या, तिचे हात धरले आणि जोरजोरात मान हलवली. त्या संध्याकाळी एस.टी.त, कराडच्या अलीकडं, रंगुबाई हळूच गायला लागली. जात्यावरचंच. सूर इकडंतिकडं जात होता. गाडीतला एक माणूसही बोलला नाही. त्या अनोळखी माणसांचेही आभार.

म्हणून तबकडी साताऱ्याच्या त्या गाणाऱ्या मंडळींना द्यावी. मनुबाईंना मी काहीच ठेवत नाही. त्या या मृत्युपत्रावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकील म्हणतात. मला कायदा बदलता येत नाही. आभार मानायला कायद्याची हरकत नाही.

कलम ८. हे कलम दोनदा लिहावं लागलं. आधी असं होतं की, रंगुबाईला ऐकू येत नसल्यामुळे, माझ्या पश्चात जो कोणी तिचा सांभाळ करील आणि तिला मशीनवर ते रीळ दाखवत राहील, त्याला घर, मशीन व रीळ मिळावं. मला वाटलं मी फार शहाणपणाचं लिहिलं. सह्यांच्या आधी ओट्यावर सगळ्यांसमोर मसुदा वाचला, आणि बयाबाई हातांनी सासूला एकेक सांगत गेली.

या कलमाशी आल्यावर रंगुबाईनं तिचे हात धरून थांबवले. मला म्हणाली, "मी काय कुणाच्या दावणीला बांदायची म्हस हाय व्हय? सांबाळंल त्याला घर? घर माज्या नावावर लिवा. मग मी बगती कुणाला ठिवायचं त्ये."

बयाबाई म्हणाली, "मामा, आत्याबाई बरूबर बोलत्यात. मला घराच्या आशेनं बगती आसं नगं वाटाया."

दोघींचं म्हणणं योग्य असल्यानं पहिला मजकूर रद्द करून लिहितो की, माझं राहतं घर, मशीन, पडदा, ग्रामोफोन व सदर रीळ यांची मालकीण माझ्या पश्चात रंगुबाई ज्योतिबा कोळेकर हीच राहील. तिनं त्याचं काय करावं, कुणाला दाखवावं, कुणाला नाकारावं, यात कुणाचीही हरकत चालणार नाही. कसलीही अट नाही.

हे तिला पुन्हा हातांनी सांगितलं. मग तिनं विचारलं, "आन् मीच आदी गेली तर?"

एवढ्या कलमांत हा विचार मी एकदाही केला नव्हता. वकिलांनी पेन उचलून विचारलं, यावर काय लिहू? मी त्यांना म्हणालो, काही लिहू नका, सही कुठं करायची तेवढं दाखवा.

येणेप्रमाणे सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे, आणि खालील दोघांनी मला सही करताना पाहिलं व माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या.

सही: ज्योतिबा धुळा कोळेकर

साक्षीदार:
१. मनुबाई गायकवाड, निवृत्त नर्स, राहणार सातारा
२. लालासाहेब आकाराम पवार, प्राथमिक शिक्षक, राहणार कवठे महांकाळ

मुक्काम बोरमाळवाडी, तालुका कवठे महांकाळ, जिल्हा सांगली
तारीख १२ फेब्रुवारी १९७७